माँपेलिएचे चित्र, उदगीरची भिंत

वाचकांचे प्रश्न : घर आणि कला

गेल्या काही महिन्यांत मूळ चित्र विकत घेण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली अनेक पत्रे, मुलगा किंवा मुलगी युरोपात शिकत असलेल्या मराठवाड्यातील पालकांची आहेत. विषय एकच असल्याने निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

*

प्रश्न : माझा मुलगा दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे कृषिविषयक पदव्युत्तर शिक्षण घेत असून जुलैमध्ये सुटीला घरी येणार आहे. आम्ही उदगीरला नवे घर बांधले आहे. दिवाणखान्यात तिकडच्या एखाद्या चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेले चित्र असावे, अशी माझी आणि पत्नीची इच्छा आहे. मी निवृत्त शिक्षक असल्याने वीस हजार रुपयांपलीकडे जाता येणार नाही. एवढ्या पैशांत खरे चित्र मिळते का, मुलाने ते कोठे शोधावे आणि फसवणूक होऊ नये म्हणून काय विचारावे?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : मिळते. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर आपल्या हाताशी सुमारे २०० युरो आहेत. त्यात भिंत व्यापणारा कॅनव्हास येणार नाही. परंतु एखादे चांगले रेखाचित्र, लहान जलरंगचित्र किंवा कलावंताने स्वतः घडवलेल्या पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर छापलेले मुद्राचित्र नक्कीच येऊ शकते. मोठ्या आकाराचा हट्ट सोडला की या पैशांत निवडीला पुष्कळ वाव राहतो.

आकारावर मी भर देतो याला तिथल्या बाजाराच्या रीतीचे कारण आहे. फ्रान्समध्ये कॅनव्हास ठरावीक प्रमाण-आकारांत विकले जातात आणि त्यांना क्रमांक असतात. उदाहरणार्थ १० एफ म्हणजे ५५ बाय ४६ सेंटीमीटर आणि २० एफ म्हणजे ७३ बाय ६० सेंटीमीटर. तेथील अनेक चित्रकार या क्रमांकाच्या हिशेबाने आपला दर ठरवतात. त्यामुळे एकाच चित्रकाराची एकाच आकाराची दोन चित्रे साधारणपणे सारख्याच किमतीला असतात, मग त्यांतले एक आपल्याला कितीही अधिक भावलेले असो. मर्यादित पैसे असणाऱ्याला ही रीत फार उपयोगाची आहे, कारण सर्वांत मनात भरलेल्या चित्रासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. कच्च्या हाताच्या मोठ्या चित्रापेक्षा पक्क्या हाताचे लहान चित्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शोधायचे कोठे, ते पाहू. माँपेलिए हे जुने विद्यापीठ-नगर आहे. तेथील वैद्यकशिक्षणाला १२२० मध्ये रीतसर नियमावली मिळाली, आणि आजही शहराचा मोठा भाग विद्यार्थ्यांनीच भरलेला असतो. येथील कलाशाळेत पिएर सुलाज, क्लोद व्हिआला, रोबेर कोंबास यांच्यासारखे चित्रकार शिकून गेले. आज ही शाळा ‘मोको’ या समकालीन कलासंस्थेचा भाग आहे. फ्रान्समधील कलाशाळांत पदवीच्या परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी होतात, त्या वेळी विद्यार्थ्यांचे काम मांडलेले असते. शिवाय वर्षातून एकदा शाळा सर्वांसाठी खुली ठेवण्याचा दिवस असतो. एकत्र भाड्याने घेतलेल्या जागांत काम करणारे तरुण कलावंतही मधूनमधून आपल्या कार्यशाळा लोकांसाठी उघडतात. अशा वेळी दारावर ‘पोर्त उवेर्त’, म्हणजे ‘दारे खुली’, अशी पाटी असते. मुलाने तेवढी लक्षात ठेवली तरी पुरे. पर्यटकांच्या गर्दीतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत मात्र जाऊ नये.

परंतु काहीही विकत घेण्याआधी त्याने एक अख्खी दुपार फाब्र संग्रहालयात घालवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तेथे गुस्ताव्ह कूर्बेचे १८५४ सालचे ‘भेट’ हे चित्र आहे. माँपेलिएच्या बाहेरच्या उन्हातल्या रस्त्यावर पाठीला रंगसाहित्य बांधलेला, हाती काठी घेतलेला चित्रकार, म्हणजे स्वतः कूर्बे, उभा आहे आणि समोरून आलेला श्रीमंत संग्राहक आल्फ्रेद ब्रुयास टोपी उतरवून त्याला अभिवादन करीत आहे. मागे मान लववून उभा असलेला नोकर आहे आणि एक कुत्रा आहे. पैसे देणारा टोपी काढतो आणि घेणाऱ्याची मान ताठ आहे, हे त्या काळी पुष्कळांना खटकले होते. याच ब्रुयासने पुढे १८६८ मध्ये आपला संग्रह या संग्रहालयाला दिला. चित्र घ्यायला जाताना चित्रकाराशी कसे वागावे, हे या एका चित्रात दिसते. तेथेच फ्रेदेरिक बाझीय या माँपेलिएच्याच चित्रकाराचे ‘गावाचे दर्शन’ हे १८६८ सालचे चित्रही पाहावे. तो १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वयाची तिशी गाठण्याआधीच मारला गेला. आधी उत्तम काम निवांत पाहिलेले असले की नंतर विद्यार्थ्यांच्या कामातले कसदार कोणते आणि नुसते दिखाऊ कोणते, हे डोळ्यांना आपोआप उमगू लागते.

मूळ रंगकाम ओळखण्यासाठी चित्र खिडकीजवळ नेऊन उजेड बाजूने पडेल असे धरावे. ब्रशने लावलेल्या रंगाला उंचसखलपणा असतो, एका थराखालून दुसरा डोकावतो आणि कडेला कॅनव्हास जेथे दुमडलेला असतो तेथे रंगाचे ओघळ, बोटांचे ठसे किंवा उघडे कापड दिसते. यंत्राने छापलेल्या कॅनव्हासवर वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून खोटा उठाव आणलेला असतो. परंतु ते फटकारे खालच्या आकृतीच्या रेषांशी जुळत नाहीत. झाडाचे खोड उभे असते आणि फटकारा आडवा गेलेला असतो. एवढे नीट पाहिले तरी बहुतेक फसवणूक टळते.

पावतीचा आग्रह धरण्यात संकोच नको. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ च्या एका आदेशान्वये कलाकृती विकणाऱ्या व्यावसायिकाने, ग्राहकाने मागितल्यास, कृतीचे स्वरूप, माध्यम, उगम आणि काळ यांची माहिती असलेली पावती देणे बंधनकारक आहे. कागदावर ‘अमुक चित्रकाराची कृती’ असे लिहिले असेल, तर ती त्याचीच असल्याची हमी विक्रेत्याने घेतली असा अर्थ होतो. ‘अमुकच्या शैलीतील’ असे लिहिले असेल तर तशी हमी नसते. नोंदणी झालेल्या कलावंताच्या पावतीवर चौदा अंकी ‘सिरेत’ हा व्यवसाय-नोंदणीचा क्रमांक असतो. उलाढाल लहान असल्यास त्याच पावतीवर मूल्यवर्धित कर लागू नाही अशी ओळ असते. कर लागू असल्यास १ जानेवारी २०२५ पासून कलाकृतींच्या विक्रीवर तो ५.५ टक्के आहे. सोनेरी शिक्का मारलेल्या चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा नाव, शीर्षक, माध्यम, मापे आणि वर्ष लिहिलेली साधी पावती मला अधिक मोलाची वाटते.

घासाघीस करावी का, असे आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. बाजारात भाव करणे ही आपल्याकडची सवय आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र शिकत असलेल्या मुलाने सांगितलेली किंमत बहुतेक वेळा त्याचे साहित्य आणि वेळ यांचा जेमतेम मेळ घालणारी असते. परवडत नसेल तर आणखी लहान काम मागावे किंवा दोन हप्त्यांत पैसे देण्याची मुभा विचारावी. एखादा चित्रकार गॅलरीशी बांधलेला असेल, तर ‘घरी येतो, स्वस्तात द्या’ असेही म्हणू नये. गॅलरीचा वाटा बहुधा निम्म्याच्या आसपास असतो आणि तिला टाळून विकणे हा चित्रकाराच्या दृष्टीने विश्वासभंग ठरतो.

आणि गुंतवणुकीचा विचार मनातून काढून टाकावा. विद्यार्थीदशेतील बहुसंख्य कामाला पुनर्विक्रीची बाजारपेठच नसते. रोज सकाळी पाहावेसे वाटेल, तेच चित्र घ्यावे.

*

प्रश्न : माझ्या मुलीने माँपेलिएहून एका तरुण चित्रकर्तीचे एचिंग घेऊन पाठवले आहे. खाली पेन्सिलीने १२/४० असे लिहून सही केलेली आहे. आमचे थोरले दीर म्हणाले, ‘हे छापील आहे, याच्या चाळीस प्रती आहेत, मग हे मूळ कसले?’ मुलीने ९० युरो दिले आहेत. तिची फसवणूक झाली का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या दिरांची शंका स्वाभाविक आहे, परंतु आपण वर्णन केले आहे त्यावरून मुलीची फसवणूक झालेली दिसत नाही.

एचिंगमध्ये कलावंत तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर आम्लरोधक थर चढवतो, त्यावर सुईने रेखाटतो आणि पत्रा आम्लात बुडवतो. जेथे धातू उघडा पडलेला असतो तेथे आम्ल तो खाते आणि रेषा खोल होतात. मग पत्र्यावर शाई चोळून, वरची शाई पुसून, ओलसर कागद ठेवून तो दाबयंत्रातून काढतात. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्याने भरावी आणि पुसावी लागते, आणि ती पुसण्याच्या हातावर छटा अवलंबून राहते. या पत्र्यावरून उतरलेला ठसा हीच कलाकृती असते. ज्याची ही नक्कल म्हणावी असे वेगळे चित्र कोठेही नसते. १२/४० याचा अर्थ चाळीस प्रतींच्या आवृत्तीतील बारावी. त्याखेरीज कलावंताने स्वतःसाठी काढलेल्या थोड्या प्रतींवर तेथे ‘ई. ए.’ असे लिहितात. फ्रान्सच्या करनियमांतही मूळ मुद्राचित्राची व्याख्या अशीच आहे : पत्रा किंवा ठोकळा कलावंताने पूर्णपणे हाताने घडवलेला असावा आणि प्रती मर्यादित असाव्यात. त्याच नियमांत कलावंताने सही करून क्रमांक दिलेली छायाचित्रे तीस प्रतींपर्यंत, तर ओतीव शिल्पे आठ प्रतींपर्यंत मूळ मानली जातात.

आपण स्वतः पडताळणी करू शकता. चित्राच्या चहू बाजूंनी कागदात किंचित दबलेली चौकट आहे का, हे बोट फिरवून पाहा. ती पत्र्याच्या कडेची खूण असते. चित्र तिरके धरले असता रेषांवरची शाई कागदावर थोडी उचललेली दिसते. मग घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडील भिंग घेऊन एखाद्या करड्या भागावर ठेवा. एचिंगमध्ये तेथे एकमेकींना छेदणाऱ्या रेषा किंवा अनियमित कण दिसतील. वर्तमानपत्राप्रमाणे निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या नियमित जाळ्या दिसल्या तर मात्र ती ऑफसेट छपाई आहे.

केवळ सही पाहून कोणी निर्धास्त होऊ नये, हेही येथे सांगायला हवे. साल्व्हादोर दाली या प्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या आणि १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टम अधिकाऱ्यांना असे हजारो सही केलेले कोरे कागद एका गाडीत सापडले. त्याच्या नावाच्या उत्तरकालीन मुद्राचित्रांकडे जाणकार आजही संशयाने पाहतात. आपल्या मुलीने थेट चित्रकर्तीकडून खरेदी केली, हीच तिची सर्वांत मोठी सुरक्षितता आहे.

*

प्रश्न : भाऊ फ्रान्सहून येताना एक लहान तैलचित्र आणि दोन जलरंगचित्रे आणणार आहे. ती फ्रेमसह आणावीत की गुंडाळून? कस्टममध्ये काही अडचण येते का? आणि आमच्या जालन्याच्या उन्हाळ्यात ती टिकतील का?
— एक वाचक, जालना

उत्तर : फ्रेम तेथे करू नये. काच विमानात फुटते आणि फुटलेली काच कागद फाडते. जलरंगचित्रे दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट ठेवून, मध्ये आम्लरहित कागद घालून, हातातल्या सामानात आणावीत. तैलचित्र लहान असेल तर तेही लाकडी ताणचौकटीसह सपाटच आणणे उत्तम. मोठे असल्यास चौकटीवरून सोडवून रुंद नळीवर गुंडाळावे आणि रंगाची बाजू बाहेर ठेवावी, कारण आतल्या बाजूला दाबला गेलेला रंग उलगडताना तडकतो. जाड थराचा तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आतून वाळायला महिने लागतात. म्हणून चित्र कधी पूर्ण झाले, हे चित्रकाराला विचारून घ्यावे. पार्सलने पाठवायचे ठरले तर लाकडी खोक्यावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो.

फ्रान्समधून बाहेर नेण्याच्या परवान्याची अट पन्नास वर्षांहून जुन्या आणि फार मोठ्या किमतीच्या चित्रांसाठी आहे. हयात तरुण कलावंताच्या कामाला ती लागत नाही. भारतात उतरताना मूळ पावती हाताशी असावी, निघण्यापूर्वी कस्टम खात्याच्या संकेतस्थळावर सामानाची चालू करमुक्त मर्यादा पाहावी आणि रक्कम तिच्या वर जात असेल तर लाल मार्गिकेत जाऊन स्वतःहून सांगावे.

खरी काळजी जालन्यात घ्यायची आहे. जलरंग उन्हाने उडतात, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत वर्ज्य. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको, कारण तिच्यात ओल झिरपते. आपल्याकडे ज्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही ती म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यांत कूलरचा दमट झोत दिवसभर ज्या भिंतीवर येतो, तेथे कागद रात्री सुकतो, दिवसा फुगतो आणि एका उन्हाळ्यात त्याला लाटा पडतात. पावसाळा आला की त्यावर बुरशीचे पिंगट डाग उमटू लागतात. फ्रेमवाला पाठीमागे हार्डबोर्ड आणि पुढे साधा पुठ्ठ्याचा माउंट लावून देतो. हे दोन्ही कालांतराने कागद पिवळा करतात. त्याला आम्लरहित माउंट मागवायला सांगावे, काच आणि चित्र यांमध्ये माउंटच्या जाडीचे अंतर राहील असे पाहावे आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून थोडी हवा खेळती ठेवावी. तैलचित्राला काच लागत नाही. गणपती बसण्याआधी घराची झाडझूड होते त्या वेळी प्रत्येक फ्रेम उतरवून पाठ पाहावी. वाळवी आणि कसर यांचा माग तेथेच प्रथम दिसतो.

*

प्रश्न : आम्ही एका तरुण चित्रकाराचे चित्र विकत घेतले आहे. मुलीच्या लग्नपत्रिकेवर ते छापायचे आहे. चित्र आमच्या मालकीचे असल्याने विचारण्याची गरज नसावी, असे छापखान्याचे म्हणणे आहे.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : गरज आहे. तयार चित्र विकत घेतले की वस्तू आपली होते; तिच्या प्रती काढण्याचा हक्क लेखी करार नसेल तर चित्रकाराकडेच राहतो. भारतात हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे, तर फ्रान्समध्ये ७० वर्षे टिकतो. शिवाय कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड होऊ न देण्याचा कलावंताचा हक्क आपल्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये वेगळा सांगितला आहे. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प उतरवून खराब केल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला निकाल याच कलमावर उभा आहे. आपण चित्रकाराला फोन करावा, पत्रिकेचा नमुना दाखवावा, दोन ओळींची लेखी संमती घ्यावी आणि पत्रिकेवर त्याचे नाव छापावे. चित्राचा अर्धा भाग कापून त्यावर मुहूर्ताची वेळ छापण्याचा बेत असेल तर तोही आधीच सांगावा.

*

प्रश्न : आमच्या घरातून कोणी परदेशी गेलेले नाही आणि जाण्याची शक्यताही नाही. पंधरा-वीस हजार रुपयांत मराठवाड्यातच मूळ चित्र मिळेल का, की त्यासाठी मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीतच जावे लागेल?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मुंबईला जायची काहीच आवश्यकता नाही, आणि आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन केव्हा आहे, याची चौकशी करून एक दिवस तेथे जावे. आपल्याकडची मुले अजिंठ्याच्या लेण्यांत बसून रेखाटने करतात, वेरूळच्या उन्हात जलरंग करतात, आणि ते काम वर्ष संपले की घरच्या माळ्यावर जाऊन पडते, कारण ते विकत घेता येते हे पाहायला आलेल्यांच्या मनातही येत नाही. आपल्या रकमेत येथे माँपेलिएपेक्षा मोठे चित्र मिळू शकेल. शिवाय आपल्या तालुक्यातही शोधावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी मुलांना तयार करणारे कलाशिक्षक शाळाशाळांत आहेत आणि त्यांतले कित्येक स्वतः निष्ठेने चित्रे काढतात. त्यांच्या घरी जाऊन ‘सर, तुमचे काम पाहायचे आहे’ असे म्हणणारा माणूस त्यांना क्वचितच भेटतो.

फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून अनेक शहरांत ‘आर्तोतेक’ नावाची केंद्रे उभी राहिली. तेथून ग्रंथालयातल्या पुस्तकाप्रमाणे मूळ चित्र काही महिन्यांसाठी घरी नेता येते. आपल्या जिल्हा ग्रंथालयांनी स्थानिक चित्रकारांची वीस-पंचवीस चित्रे घेऊन असा उपक्रम सुरू करावा, असे मला मनापासून वाटते. चित्र घरात राहिले की ते घेण्याची भीड मोडते. अंबाजोगाईसारख्या वाचनाची परंपरा असलेल्या गावात आपण ही कल्पना ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे मांडावी.

खरेदीच्या वेळी मात्र येथेही तोच काटेकोरपणा ठेवावा, कारण ओळखीच्या माणसाकडून पावती मागणे आपल्याला अवघड वाटते आणि दहा वर्षांनी चित्र कोणाचे, कोणत्या साली काढलेले, हे घरातही कोणाला सांगता येत नाही. पावतीवर चित्रकाराचे पूर्ण नाव, शीर्षक, माध्यम, मापे, वर्ष आणि किंमत असावी. हीच माहिती, किंमत वगळून, चित्रकाराच्याच हस्ताक्षरात चित्रामागे लिहून घ्यावी. कागदावर मऊ पेन्सिलीने आणि कडेजवळ, कॅनव्हास असल्यास मागच्या लाकडी पट्टीवर. बॉलपेन वापरू देऊ नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.